खरखरीत काच

आंजी (मोठी)
९ फेब्रुवारी २०२५

मेघे,

जय भीम.

तुह्या फोन आलता. तुह्या बाबानं माह्या कानाले लावून देल्ला, मी "हो हो" केलं आन् ठेवून देल्ला. खरं सांगू? काहीच ऐकू नाई आलं. कानातली मशीन नुसत्या शिट्ट्या मारते, म्हणून मी ते डब्यात ठेवून देल्ली. तं आता फोन बंद. पत्र लिहीत जाय. अंगणवाडीतली रजिस्टरं भरण्यात जनम गेला माह्या, तुह्या आत्याले वाचता येते अजून.

विहाराच्या बाजूची अभ्यासिका मस्त चालून राह्यली. छतावरच्या चार पॅनलवर आतले लाइट आन् पंखे चालतात. किल्ली माह्याजवळच असते. संध्याकाळी मी दार उघडते आन् पोरी अभ्यास करून उठेपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसते. मी बसते म्हणूनच मायबाप पोरीईले पाठवतात, नाई तं अंधार पडल्यावर कोण पाठवते? पॅनल बी मीच पुसते, शिडी लावून. कमिटीचा अध्यक्ष आपला रत्नदीप खालून बोंबलते, "काकू, पडसान!" मले ऐकू येत नाई, ते एका परीनं बरंच हाये.

आता मुद्द्याचं. परवा आपल्या गल्लीतल्या रुपेशनं चारचौघात इचारलं, "मेघाताई सोलरमध्ये पीएचडी करते म्हणजे पॅनल फिट करते का?" सारे हासले. मी म्हटलं, नाई रे बावा. तं म्हणे, मंग काय करते? मले सांगताच नाई आलं. असा राग आला मले! तू तिथं हैदराबादले नेमकं करते काय, ते मले समजन असं लिहून पाठव. रुपेशचं तोंड बंद कराचं हाये.

तुही आत्या,
भागीरथा


हैदराबाद
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

जय भीम. तुझं पत्र लॅबमध्ये उभ्याउभ्याच वाचलं आणि एकटीच हसत सुटले. लोक पाहत होते, पाहू दे.

मी पॅनल फिट करत नाही. पॅनलच्या पोटात निळ्या-काळ्या पातळ चकत्या असतात ना, त्या सिलिकॉनच्या. त्या चकत्या मी खरखरीत करते. एवढंच माझं काम. ऐकायला भिकार वाटतं, पण ऐक.

गुळगुळीत सिलिकॉन आरशासारखा चमकतो. चमकतो म्हणजे काय करतो? आलेलं ऊन परत फेकतो. जवळपास तिसरा हिस्सा ऊन असं वाया जातं. तू सांग, चोपण जमिनीवर पाणी पडलं तर काय होतं? वाहून जातं. आणि वखरलेल्या जमिनीत? मुरतं. तसंच आहे. मी चकतीची जमीन वखरते. उन्हाचा किरण एका उतारावर आपटला आणि उडाला, तर समोरच्या उतारावर जाऊन पडतो. त्याला आत शिरायची दुसरी संधी मिळते.

हे उतार म्हणजे बारीक बारीक पिरॅमिड असतात, केसाच्या जाडीपेक्षाही लहान. गरम क्षाराच्या पाण्यात चकत्या बुडवल्या की ते आपोआप उठतात. ह्या टाकीला आम्ही बाथ म्हणतो. बाकीचे त्यात महागडं अल्कोहोल घालतात, मी ते काढून टाकलंय. पाणी किती, क्षार किती, किती गरम, हे माझ्या हाताला बसलंय. बाथ माझा आहे, आत्या. लॅबमध्ये दुसरं कुणी त्याला हात लावत नाही.

चकती चांगली झाली हे कसं ओळखायचं माहीत आहे? ती चमकत नाही. आमच्या मॅडम म्हणतात, तोंड दिसलं की फेकून द्या. रुपेशला सांग, चमक म्हणजे वाया गेलेलं ऊन. तू जन्मभर पितळेची भांडी घासून चमकवलीस, मी चमक घालवण्यासाठी पगार घेते.

तुझी,
मेघा


आंजी (मोठी)
२ मार्च २०२५

मेघे,

जय भीम.

अवो बाई, असं सोपं करून आधी कोणीच नाई सांगतलं! वखरलेली जमीन! रुपेशले मी सांगतलं, रत्नदीपले सांगतलं, पीठगिरणीवर अण्णाजीले बी सांगतलं. रुपेश म्हणे, "काकू, तुमाले तं सारंच समजलं." म्हटलं, मंग! भाचीची आत्या हाये.

आता मले दोन-तीन गोष्टी सांग. ही वखरणी एकाच दिशेनं कराची का उभी-आडवी? बारीक पाह्यजे का जाड? पॉलिश पेपर चालते का? आन् अख्ख्यावर कराची का मधात मधात सोडाची?

काल मी पॅनल पुसाले चढलती. माह्यं तोंड दिसलं त्याच्यात! पांढरे केस सुद्धा दिसले. पाच मिनिटं पाहतच राह्यली मी.

लवकर लिही. थंडी गेली, आता ऊन वाढते.

आत्या


हैदराबाद
११ मार्च २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र मिळाले. तुझी जिज्ञासा पाहून समाधान वाटले. तुझ्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते. दिशा नसावी. बारीक असावे. सर्वत्र सारखे असावे, एकही जागा चमकती राहू नये. उर्वरित सविस्तर पुन्हा कधीतरी.

मला आता बाथवरून मोजमापाच्या कामावर घेण्यात आले आहे. खुर्चीवर बसून करावयाचे काम आहे. क्षाराची वाफ नाही, हातमोजे नाहीत. बाथचे काम माझे सीनियर प्रफुल पाहणार आहेत. सर्व दृष्टीने सोयीचे झाले आहे. काळजी नसावी.

तुझी,
मेघा


आंजी (मोठी)
२० मार्च २०२५

मेघे,

जय भीम.

खुर्चीवर बसाचं काम म्हणजे बढती झाली का? तुह्या बाबानं तं बुंदी आणून वाटली. मी बी खाल्ली, पण मले ते गोड नाई लागली. काऊन, सांगू? तुह्यं पत्र लय शुद्ध हाये. दहावीत गणितात कमी मार्क पडलते, तवा तू मले असंच "काळजी नसावी" लिहिलतं. लहानपणापासून तू काही लपवलं का पुस्तकासारखी बोलते. काय झालं ते सांग.

इकडं सारं बेस हाये. अभ्यासिका चालू हाये. पॅनल आता चमकत नाई.

आत्या


आंजी (मोठी)
३० मार्च २०२५

आदरणीय मेघाताई,

सप्रेम जय भीम.

आपणास हे पत्र लिहिताना जीवावर येत आहे, पण काकूंना फोन ऐकू येत नाही आणि समोर बसून सांगितलं तर त्या मुद्दाम ऐकत नाहीत. म्हणून आपल्यापर्यंत आलो.

काकूंनी अभ्यासिकेचं एक पॅनल पॉलिश पेपरनं घासलं आहे. अख्खं. एक इंच सोडला नाही. विचारलं तर म्हणतात, "मेघानं सांगतलं." ताई, मी हात जोडून विचारतो, आपण असं सांगितलं का? त्या काचेवर आता धूळ अशी बसते की फडकं मारूनही निघत नाही. बॅटरी पूर्ण भरत नाही, लाइट पूर्वीपेक्षा लवकर मंद होतात. ते पॅनल लोकवर्गणीतून घेतलेलं आहे, उत्तर मला द्यावं लागतं. दोन रात्री झोप नाही मला.

कमिटीत ठरलं आहे की किल्ली रुपेशकडे द्यावी आणि यापुढे बाईमाणसानं छतावर चढू नये. काकूंचा अपमान व्हावा असं कोणाच्याच मनात नाही. म्हणून चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात शाल देऊन त्यांचा सत्कार करायचा आणि तिथंच मानानं किल्ली घ्यायची, असं नियोजन आहे. आपण त्यांना समजावून सांगावं.

आपला,
रत्नदीप


हैदराबाद
४ एप्रिल २०२५

आत्या!

काय करून ठेवलं वो हे? रत्नदीपदादाचं पत्र आलं. मी डोक्याले हात लावून बसली आहे.

अवो, खरखरीत करायचं ते आतल्या चकतीले! काचेच्या खाली असते ते, कारखान्यातून येतानाच केलेलं असते. वरची काच गुळगुळीतच पाह्यजे, तिच्यावर एक पातळ थर असते ऊन आत घ्यायले, तो तू खरवडून टाकला. आणि खरखरीत काचेत धूळ नाही अडकणार तर काय होणार? मी वखर म्हटलं, आन् तू खरंच वखर घेऊन छतावर चढली!

नाही, चूक माझीच आहे. तू पॉलिश पेपर विचारला होता. मी वाचलंसुद्धा नाही नीट. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

तुले खरं पाह्यजे ना? मग घे. बढती-बिढती काही नाही. बाथमधलं पाणी वाफेनं आटत राहते, ते मधून मधून भरावं लागते. त्या दिवशी मी भरलं नाही. दुसऱ्या कामात गुंतली होती, लक्षच गेलं नाही. पाणी आटलं, क्षार वाढला, आणि एका कंपनीसाठी करून राह्यली होती त्या साऱ्या चकत्या चकचकीत निघाल्या. प्रत्येकीत माझं तोंड दिसत होतं. मॅडम ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मेघा, बाथ प्रफुलकडे दे. तू मोजमाप कर आणि लिही." मी "हो मॅडम" म्हटलं आणि हातमोजे काढून ठेवले. आता माझीच रेसिपी प्रफुल चालवतो आणि मी त्याच्या चकत्या मोजते. जूनमध्ये त्या रेसिपीवर पेपर छापायला जाणार आहे. त्याचं नाव पहिलं असेल.

म्हणून सांगते, देऊन टाक किल्ली. चूक झाली की जागा सोडावी लागते. मी पण सोडली. शाल घे, फोटो काढ, घरी ये. भांडू नको कोणाशी.

मेघा


आंजी (मोठी)
१० एप्रिल २०२५

मेघे,

जय भीम.

देऊन टाक म्हणते? तू देल्ली म्हणून मी देऊ? वा रे वा!

आधी माह्यं ऐक. काच मी घासली. एकच घासली, आधी थोड्या जागेत पेरून पाहावं तशी. लय मन लावून घासली, बारीक पेपरनं, दिशा नाई ठेवली, एक जागा चमकती नाई सोडली. तू लिहिलं तसंच केलं. वाटलं, माह्या भाचीची विद्या आपल्या विहाराच्या छतावर गेली. मंग आठ दिवसानं पाह्यलं तं धूळ चिकटून राह्यली, निघता निघत नाई. तवा समजलं का चुकलं. कोणाले सांगतलं नाई. दिवसातून दोनदा चढून पुसत होती. लाज वाटत होती, मेघे. पोरी पुस्तकं लाइटच्या जवळ सरकवाले लागल्या, ते पाहून जेवण नाई जात होतं मले.

तं चूक माही. पण चूक आन् किल्ली ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी हायेत. ह्या लोकाईनं त्याईची मोट बांधली. रुपेश वाईट पोरगा नाई, पण तो वर्ध्याले नोकरीले जाते, येते किती वाजता? तो दाराशी खुर्ची टाकून बसन काय? किल्ली त्याच्या खिशात गेली का पोरी घरी बसल्याच म्हणून समज. आन् "बाईमाणसानं छतावर चढू नये" हे कायचं? काच पेपरनं खराब झाली, का लुगड्यानं?

आता तुह्यं. तुह्या टाकीतलं पाणी आटलं. पाणी आटलं तं पाणी टाकाचं, का टाकी सोडून द्याची? ते रेसिपी कोणी काढली? तू. हाताले कोणाच्या बसली हाये? तुह्या. मंग त्या प्रफुलले काऊन देऊन आली? कोणी मागतलं का लगेच "हो मॅडम"! मले तं तुह्या चकत्यापेक्षा त्या "हो मॅडम"चा राग आला.

मी चौदा तारखेले शाल घेणार हाये. पुढचं पुढं.

आत्या


आंजी (मोठी)
१६ एप्रिल २०२५

मेघे,

जय भीम.

तुह्या पत्राची वाट नाई पाहत. सांगितल्याशिवाय मले चैन नाई.

जयंती जोरात झाली. निळे झेंडे, मिरवणूक, पोरीईचं लेझीम. मी पांढरं पातळ नेसली. स्टेजवर रत्नदीपनं माह्यं नाव घेतलं, अभ्यासिकेतल्या वर्षालीनं खुणेनं सांगतलं मले. गेली वर. शाल पांघरली त्याईनं, टाळ्या झाल्या. मंग रत्नदीपनं हात पुढं केला, रुपेश बाजूलेच उभा होता. मी रत्नदीपच्या हातातून माईक घेतला.

म्हटलं, "अभ्यासिकेचं एक पॅनल खराब झालं. कमिटीनं माह्या मानासाठी तुमाले सांगतलं नाई. मी सांगते. ते मी घासलं, ह्या हातानं. मले वाटलं लाइट वाढन. नाई वाढला, कमी झाला. चूक माही."

रत्नदीप खाली पाहून राह्यला होता.

म्हटलं, "मागच्या जयंतीले ह्या रोशननं चुकीची वायर जोडली आन् लाऊडस्पीकर जळला. सारी भाषणं घसा ताणून करावी लागली. त्याच्याकडून लाऊडस्पीकरचं काम काढून घेतलं का कोणी? आजही लाऊडस्पीकर रोशनच्याच हाती हाये, आन् मस्त चालून राह्यला. चुकला, शिकला. मंग मले काऊन किल्ली मागता? मले शिकाले वेळ लागत नाई. शालीसाठी धन्यवाद. किल्ली नाई देणार."

कमरेची किल्ली साऱ्याईले दाखवली आन् उतरली खाली. खाली पोरी उभ्या झाल्या. टाळ्या वाजवत असतीन, हात हालताना दिसले मले. रोशनच सगळ्याईच्या पुढं होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नदीप घरी आला. मी म्हटलं आता भांडते हा. तं तो कागदावर लिहून घेऊन आलता, "काकू, शिडी जुनी झाली, नवीन आणतो." बसला, चहा पेला, गेला. त्याचं बी वाईट वाटलं मले. लोकाईनं इचारलं असतं तं बिचाऱ्यालेच उत्तर द्यावं लागलं असतं.

पण हे मी तुले वाचून टाळ्या वाजवाले नाई लिहिलं. तू काय केलं ते लिही. आन् शुद्ध लिहिशीन तं पत्र फाडून टाकीन.

आत्या


हैदराबाद
२९ एप्रिल २०२५

आत्या,

जय भीम. तुझी दोन्ही पत्रं बॅगेत घेऊन चार दिवस फिरत होती मी. पाचव्या दिवशी मॅडमच्या खोलीत गेली.

म्हटलं, "मॅडम, चकत्या मी बिघडवल्या. पाणी आटलं, मी पाहिलं नाही. ते पुन्हा होऊ नये म्हणून पातळीची खूण टाकीवर काढली आहे आणि वेळेवर घंटी वाजेल अशी सोय केली आहे. पण बाथ मला परत पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "प्रफुल सांभाळतो आहे. तुझं मोजमाप चांगलं आहे."

माझ्या तोंडावर "हो मॅडम" आलं होतं, खरंच सांगते. गिळलं. म्हटलं, "मागच्या वर्षी प्रफुलच्या हातून भट्टीची काचेची नळी फुटली होती. महिनाभर सगळ्यांचं काम बंद होतं. भट्टी त्याच्याकडेच राहिली, आणि ते बरोबरच होतं, कारण भट्टी त्यालाच समजते. बाथ मला समजतो. मी मोजमाप करणार नाही. रेसिपी माझी आहे, पेपरवर माझं नाव पहिलं राहील. नाही तर तसं तुम्ही मला लिहून द्या, मी वरच्या कमिटीकडे जाते."

आत्या, माझा आवाज एवढा चढला होता की बाहेर प्रफुल उभा राहून ऐकत होता. आत आला आणि म्हणाला, "मॅडम, खरं सांगायचं तर त्या बाथची मला भीतीच वाटते. माझ्याही तीन चकत्या चमकल्या." मी रिपोर्टमध्ये ते लिहिलंच होतं, पण तो स्वतःहून बोलला.

मॅडमनी रिपोर्ट काढून पाहिला. मग म्हणाल्या, "चकत्यांचा एक लॉट करून आण. मग बोलू."

केला. पाणी भरत राहिली, टाकीसमोरून हलली नाही. चकत्या काढल्या तर काळ्याभोर, मखमलीसारख्या. मॅडमनी एक उचलली, खिडकीशी नेली, इकडून तिकडून वळवून पाहिली. तोंड शोधत होत्या स्वतःचं. सापडलं नाही. चकती जागेवर ठेवली आणि भिंतीवरच्या पाटीवर बाथच्या पुढचं प्रफुलचं नाव पुसलं. खडू माझ्या हातात दिला.

सोबत एक तुकडा पाठवते. काढताना एका चकतीचा कोपरा तुटला, त्यातला आहे. कापसात गुंडाळला आहे, जपून उघड. बोट लावू नको त्याला, त्यावरचे डोंगर मोडतात.

तुझी,
मेघा


आंजी (मोठी)
७ मे २०२५

मेघे,

जय भीम.

पाटीवर नाव लिहिलं ना मोठ्या अक्षरात? बरं केलं. आता प्रफुलले चहा पाज. भेवतो म्हणून सांगाले बी दम लागते.

तुकडा भेटला. चिमट्यानं काढला, अंगणात उन्हात धरला. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. माह्यं तोंड कुठंच नाई दिसलं. सारं ऊन पिऊन बसला तो. मले एकदम रडूच आलं वो. एवढ्याशा तुकड्यासाठी तू त्या लोकाईशी भांडली!

संध्याकाळी अभ्यासिकेत नेला, काचेच्या डबीत ठेवून. पोरीईनं एक एक करून पाह्यला. प्रेरणानं इचारलं, आजी, हे आपल्या पॅनलच्या आत असते का? म्हटलं, असते, पण आत. वरून खरवडाचं नाई, मी करून पाह्यलं. हासल्या साऱ्या. मी बी हासली.

खराब पॅनल अजून छतावरच हाये. नवीन येईपर्यंत मी ते दोनदा पुसते, नवीन शिडी लावून. लाइट थोडे कमी हायेत, पण दार रोज उघडते.

डबी घरी फडताळात ठेवली, पितळेच्या गडव्याच्या बाजूले. तो गडवा मी काल चिंचेनं घासला, लखलख करून राह्यला. डबीचं झाकण उघडून मी तुकड्याकडं पाह्यते, आन् हात आपोआप राखेकडं जाते, जनमभराची सवय हाये ना. मंग मागं घेते. एवढ्या वर्षात ह्या घरात आलेली ही पहिली वस्तू हाये, जे मी घासणार नाई.

तुही आत्या,
भागीरथा